न चढणारा आकडा

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे ‘शिडी’ म्हणत. पन्नाशी जवळ आली तरी आगीच्या जागी सर्वांत आधी शिडी चढायचा तो तोच. पण यंदाच्या चाचणीत पाण्याचा जड पाइप खांद्यावर घेऊन मनोरा चढता आला नाही, तर शिडी सुटणार आणि फोनपाशी खुर्ची मिळणार. त्या खुर्चीकडे तो बघायचंही टाळायचा.

केंद्रात सराव घेणाऱ्या उस्तादांनी त्याला हृदयाचे ठोके मोजणारं मनगटी घड्याळ दिलं होतं. “एरवी एकशे तीसच्या आत राहून रमतगमत धाव, दमसास वाढेल. आठवड्यातून दोनदा जिना असा चढ की आकडा दीडशेपार गेला पाहिजे.”

रमतगमत कसलं, तो सुसाट सुटायचा, तरी आकडा एकशे वीसपुढे हलत नसे. सोबती चिडवत, “शिडी, काळीज आहे की झोपलेला बैल?” तो मनातून सुखावायचा.

एक दिवस तो घरच्या इमारतीचा जिना चढत होता आणि बायको वरच्या मजल्यावर उभी होती. तो धापा टाकत आला, घड्याळ पाहिलं. एकशे अठरा. पुन्हा खाली, पुन्हा वर. तेवढेच. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“अहो, पुरे!”

त्यानं मनगटाकडे बोट दाखवलं.

“आकडा गेला खड्ड्यात! माझं नाव घ्या बघू.”

त्यानं तोंड उघडलं. नुसती हवाच आली. तिनं त्याला धरून पायरीवर बसवलं. श्वास परतायला फार वेळ लागला.

“रक्तदाबाची नवी गोळी ठोक्यांना आवर घालते, असं डॉक्टर म्हणाले होते. उस्तादांना सांगितलंत?”

त्यानं घड्याळ बाहीखाली सारलं.

“नाही ना?”

“सांगितलं तर शिडी आजच जाईल गं.”

“आणि कुणाला पाठीवर घेऊन उतरताना असे बसलात तर?”

त्यानं तिथूनच उस्तादांना फोन लावून सगळं सांगितलं. उस्ताद कडाडले, “गाढवा, लगाम खेचलेल्या घोड्याला चाबूक मारत होतास! आता डॉक्टर तपासून ठरवतील तेवढंच. ते हो म्हणेपर्यंत जिना बंद.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर नाही.”

दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला. दुपारी फोन वाजला. पलीकडे बाई रडत होती. त्यानं तिला धीर देत पत्ता दोनदा वदवून घेतला, घंटा दाबली. गाडी फाटकाबाहेर पडली. तो फोन कानाशी धरून त्या बाईशी बोलत राहिला.