माझे मार्च फ्रॅक्चर

कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहावे ते प्राध्यापकांनी, नाहीतर वक्तृत्वात बक्षीस मिळवणाऱ्यांनी. मी दोन्हींत बसत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे माझे लिहिणे कुठे चुकते हे घरी कोणाला विचारताही येत नाही. पण मराठीचे सर म्हणाले, पायाचे लिही, पळणाऱ्या मुलांना उपयोग होईल. म्हणून लिहितो आहे. आगाऊपणा वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

जानेवारी संपत आला होता. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरला. शेजारी माझे वडील उभे होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"हे बघ," डॉक्टर म्हणाले, "सेकंड मेटाटार्सल. मार्च फ्रॅक्चर आहे."

मेटाटार्सल म्हणजे बोटांच्या मागे, पंजाच्या मधोमध असणारी पाच लांब हाडे. त्यांतले दुसरे मोडले होते. फ्रॅक्चर म्हणजे हाड मोडणे, हे मला माहीत होते. मार्च म्हणजे काय, हेही मला माहीत आहे असे वाटले.

लिहायला लाज वाटते, पण हाड मोडले हे ऐकून मला आनंद झाला. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मी लांब पल्ल्याचा धावपटू आहे. क्रॉस कंट्री, म्हणजे मैदान सोडून रानातून, चढउतारावरून धावायची शर्यत, हा माझा प्रकार. मार्चच्या मध्यावर औरंगाबादला विद्यापीठाच्या संघासाठी निवड शर्यत होणार होती. संघात आलो तर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश मिळण्याचा संभव होता, आणि पुढे शिक्षकाची नोकरी. आमच्या क्रीडाशिक्षक सरांनी कॉलेजातून एकट्या माझेच नाव पाठवले होते.

शनिवारी उमरग्याच्या वसतिगृहातून मी गावी पळतच जायचो. त्या वर्षी रस्त्याला नवी खडी पसरली होती. दुष्काळी कामावर आमचे अर्धे गाव ती खडी फोडत होते, त्यांत दादा आणि आईही होते. डिसेंबरात एकदा त्या रस्त्यावर पाऊल टाकताना पंजाच्या वरच्या बाजूला कळ आली. सकाळी कमी झाली. परत पळालो, परत आली. मुरगळले असेल म्हणून आईने हळद लावली. मग सूज दिसू लागली.

जानेवारीच्या सुरुवातीला पहिला एक्स-रे काढला. तेव्हा दुसरे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि हाड चांगले आहे, आठ दिवस विश्रांती घे, असे सांगितले.

इथून माझा गोंधळ सुरू झाला. पाय दुखत होता आणि फोटो म्हणत होता काही नाही. मला वाटले, फोटो शास्त्राचा आहे, तो खोटा बोलणार नाही, माझेच मन कमजोर असेल. सरांनीही सांगितले की शर्यत जवळ आली की पुष्कळांना असे दुखते. गावात तर बोलायला निमित्तच मिळाले. सुट्टीत मी खडीवर गेलो नाही, तेव्हा कामावरचा मुकादम दादांना सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगं लई शिकलं की. फोटूत काय न्हाय, अन् लंगडतंय झ्याक." बायामाणसे हसली. दादा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी दात आवळून पळायला लागलो. पंधराएक दिवस पळालो. मग एका सकाळी पाऊलच टेकवेना.

म्हणून दुसऱ्या फोटोत हाड मोडलेले निघाले तेव्हा आनंद झाला. मी खोटा नव्हतो. डॉक्टरांनी समजावले की हे हाड एका धक्क्याने मोडत नाही, रोजच्या आपटण्याने केसाएवढी चीर पडते. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्या जागी शरीर स्वतःच गाठीसारखे कच्चे हाड तयार करते. त्याला कॅलस म्हणतात. ते दिसले की मोडल्याचे कळते. गुडघ्याखाली प्लास्टर घातले, पाय टेकायचा नाही असे सांगितले आणि सहा आठवड्यांनी बोलावले.

बाहेर बाकावर एस.टी.च्या वेळेची वाट पाहत बसलो असताना दादांनी विचारले, "काय म्हनले रे त्ये इंग्रजीत?"

"मार्च फ्रॅक्चर," मी म्हणालो.

"म्हंजे?"

मी थोडा विचार केला. दादांनी काही विचारावे आणि मला सांगता येऊ नये, असे मला होऊ द्यायचे नव्हते. "मार्च महिन्यात जुळून येतं, तसलं मोडणं," मी म्हणालो.

"मार्च म्हंजे इंग्रजी म्हैनाच ना?"

"व्हय."

दादांनी समाधानाने मान हलवली. गावात जो भेटेल त्याला ते सांगू लागले की पोराला मार्चचे फ्रॅक्चर झाले आहे, मार्च लागला की मोकळा. सांगताना त्यांचा आवाज थोडा चढायचा. मुकादमालाही त्यांनी मुद्दाम थांबवून सांगितले. कोणी शंका घेतली नाही, कारण गल्लीत इंग्रजी येणारा मीच होतो.

फेब्रुवारी मी घरात, भिंतीला टेकून काढला. वसतिगृहाची विहीर आटल्यामुळे मुलांना घरी पाठवले होते, तेव्हा कॉलेजकडून काही कळण्याचा मार्गही राहिला नाही. आई-दादा कामावर गेले की मी दिवस मोजायचो. सहा आठवडे भरायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडणार होता, आणि लगेच शर्यत. मनात दोन हिशेब भांडायचे. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले, ते दाखवायला यायचे असतील. जुळायचे ते मार्चमध्ये, हे तर आजाराच्या नावातच होते. आता वाटते, मला जे हवे होते तेच मी त्या शब्दातून काढत होतो. पण तेव्हा मला ते वाचन वाटले.

एक मार्चला मी दादांना म्हणालो की प्लास्टर काढायला हरकत नाही. आई म्हणाली, "डाक्टरला इचारून काढावं का?" सोलापूरला जायचे तर दोघांपैकी एकाचा कामाचा दिवस बुडणार होता. दादा माझ्याकडे पाहत म्हणाले, "त्याला कळतंय की. त्यो काय उगं सांगंल का?"

प्लास्टर भिजवायला पाणी लागते. टँकर एक दिवसाआड यायचा. आईने अर्धी घागर घमेल्यात ओतली आणि बाजूला झाली. दादांनी विळ्याने प्लास्टर हळूहळू कापले. आत पाय काटकीसारखा बारीक झाला होता, पण दुखत नव्हता. दादांनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला.

चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी पळालो. आठव्या दिवशी, गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या कोरड्या पात्रात, तीच कळ आली, या वेळी इतकी की मी खाली बसलो. तिथून दादांनी मला पाठीवर घेऊन घरी आणले. मी एकोणीस वर्षांचा होतो.

सोलापूरला तेच डॉक्टर होते. त्यांनी पायाकडे पाहून विचारले, प्लास्टर कोणी काढले. मी तोंड उघडण्याआधी दादा पुढे झाले.

"म्या कापलं साहेब. पोराला रागवू नगा."

"का पण?"

"मार्च लागला म्हून," दादा म्हणाले.

डॉक्टरांना काही कळले नाही. मग मी खाली मान घालून सगळे सांगितले. ते हसतील असे वाटले होते. ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून दादांना बसायला दिले आणि मराठीत सांगितले की हा मार्च म्हणजे महिना नव्हे. मार्च म्हणजे शिपायांचे कदम ताल, रांगेने चालणे. नव्या भरतीच्या शिपायांना मैलोन् मैल चालवले की त्यांचे हे हाड असे मोडते, त्यावरून हे नाव पडले.

"चूक माझीही आहे," ते मला म्हणाले. "मी नाव सांगितलं, अर्थ सांगितला नाही. पण तू विचारायचं होतंस."

दादा म्हणाले, "म्हंजे शिपायाचं दुखनं हाय व्हय." आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघू लागलो. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

एक्स-रेत कच्चे हाड पुन्हा तडकलेले दिसले. नव्याने प्लास्टर, या वेळी आठ आठवडे. मी पुन्हा पळू शकेन का, असे विचारले. पावसाळ्यात परत या, तोवर काही सांगता येणार नाही, असे ते म्हणाले.

शर्यतीचा दिवस मी घरात, पाय उशीवर ठेवून काढला. माझ्या जागी कोण पळाला असेल, पहिला कोण आला असेल, याचा विचार करत राहिलो. सरांना काय तोंड दाखवावे, हेही कळत नव्हते. त्यांना पत्र लिहायला घेतले आणि तीनदा फाडले.

ज्यांना असे दुखणे येईल त्यांच्यासाठी दोनच गोष्टी लिहितो. फोटोत दिसले नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, ते परत परत दाखवावे. आणि डॉक्टरांचा एखादा शब्द कळला असे वाटले तरी विचारावा. आपण घरातले पहिले शिकलेले असलो तर नक्की विचारावा, कारण आपल्या मागे उभी असलेली माणसे आपले म्हणणे तपासून घेत नाहीत. त्या डॉक्टरांचे मी उपकार मानतो. दादांचे कसे मानावेत हे मला येत नाही.

प्लास्टर निघाले तेव्हा मे महिना होता. त्याच आठवड्यात वसतिगृहाचे शिपाई काही कामाने आमच्या बाजूला आले आणि माझ्या नावाचे एक कार्ड देऊन गेले. वसतिगृह बंद असल्याने ते ऑफिसात पडून राहिले होते. अक्षर क्रीडाशिक्षक सरांचे होते. तारीख फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली होती, म्हणजे प्लास्टर कापण्याच्या आधीची.

दादा शेजारी होते, म्हणून मी मोठ्याने वाचले. दुष्काळामुळे विद्यापीठाची निवड शर्यत रद्द करून दिवाळीनंतर ठेवली आहे. तुझे नाव यादीत कायम आहे. पायाची घाई करू नकोस.