नाकांवरचा पहारा

माणसाच्या सगळ्या अवयवांत नाक हा सर्वांत बेजबाबदार अवयव आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या विद्यापीठातले भूगोलाचे सर. आता ते निवृत्त झालेत. स्टाफरूममध्ये शेजारची खुर्ची रिकामी दिसली की मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवणीतसुद्धा ते मला नाक झाकायलाच सांगतात.

साथीनंतर आमचं घोडबंदर रोडचं आवार पुन्हा उघडलं, तेव्हा मास्कवर लक्ष ठेवायचं काम सरांकडे आलं. आलं म्हणजे, बाकीच्यांनी ते टाळलं आणि सरांनी घरचं कार्य असल्यासारखं अंगावर घेतलं. सकाळपासून फाटकात उभे. कुणी मास्क हनुवटीवर ओढून आला की, “अरे, हिमालय उघडा टाकलास आणि कन्याकुमारीला कुंपण घालतोस?” ते दिसले की कँटीनभर “नाक आत घे रे, भूगोल आला!” अशी कुजबुज धावायची. तिथंही त्यांचा नियम होता, घास घेताना मास्क खाली, चावताना वर. “सर, यार, वडा खातोय, गुन्हा थोडीच केलाय,” असं एक पोरगा काकुळतीनं म्हणाला, तर त्याचा वडा संपेपर्यंत सर समोरून हलले नाहीत. एका समारंभात पाहुण्यांनी बोलण्यासाठी मास्क काढला. सर शाल-श्रीफळाच्या तबकात नवा मास्क घेऊन थेट व्यासपीठावर! पाहुण्यांनी तो मुकाट्यानं घातला आणि भाषण कधी नव्हे ते आटोपशीर झालं.

मी डोंबिवलीचा, ते ठाकुर्लीचे, म्हणून माझ्याच गाडीतून आमचं येणं-जाणं. चारही काचा खाली आणि सर मागच्या सीटवर, मास्कवर मास्क चढवून. ट्रॅफिकमध्ये धूळ खाताखाता मी एकदा वैतागलो. “सर, साथीनं नाही, पण या धुरानं मी नक्की जाणार.”

“तुमचं ठीक आहे हो,” ते म्हणाले. “माझ्या घरी आई आहे.”

आई पंचाऐंशीच्या घरातली, छाती दम्यानं पोखरलेली. जिभेला मात्र दमा नव्हता. सर दिवसभर पोरांत वावरायचे, म्हणून घरीही तिच्यासमोर मास्क काढायचे नाहीत. जेवायचे आतल्या खोलीत, एकटेच. मी चहाला गेलो की ती विचारायची, “अहो, हा माझाच मुलगा ना? की त्याच्या जागी दुसराच कुणी येऊन राहिलाय?” आणि मग हळूच त्यांना, “एकदा तोंड दाखव ना रे, बाळा.” तिच्या हट्टापायी सरांनी एकदा आतल्या खोलीत मास्क काढून व्हिडिओ कॉल केला. फोन डोळ्यांशी धरून ती म्हणाली, “हे तर पोस्टाचं तिकीट झालं.”

तिला काचबिंदू होता. डोळ्यांत थेंब घालणं चालू होतं, पण गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि उरलेलीही हळूहळू जात होती. मी गाडीत म्हटलं, “सर, लांब दारात उभं राहून एकदा दाखवा की.” त्यांनी नाकावरचा मास्क आणखी वर ओढला. मग म्हणाले, “मागच्या खोकल्यात तिचा श्वास अडकला होता, तो मी पाहिलाय. नियम उठू दे. मग पोटभर बघू दे तिला.” मास्क उठण्याची वाट अख्ख्या आवारात सर्वांत आतुरतेनं तेच पाहत होते, हे कँटीनमधल्या पोरांना कोण सांगणार!

शेवटी परिपत्रक आलं. पोरांनी मास्क हवेत उडवले. सर कुणावर ओरडले नाहीत. “आज जरा लवकर निघू या का?” एवढंच म्हणाले.

घरी दारातच त्यांनी मास्क काढला. तो चेहरा मीही किती दिवसांनी पाहत होतो, पार उतरला होता. आईच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून ते म्हणाले, “आई, बघ.”

तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. नजर मात्र सरांच्या कानावरून मागच्या भिंतीकडे गेली आणि तिथंच राहिली. सरांना कळलं. मलाही कळलं, आणि कुठे बघावं ते सुचेना. तेवढ्यात तिनंच हात पुढे केला. कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, गालावर येऊन बोटं थांबली.

“गाल कुठे गेले रे तुझे?”

“आहेत, आई. इथंच आहेत,” सर म्हणाले, आणि तिचा हात त्यांनी गालावर दाबून धरला.