चुकीच्या दारी पडलेले आजोबा

शेजारच्या पोस्टमनभाऊजींना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण त्यांच्या पायांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. सकाळी जिना खडखडला की समजायचं, स्वारी निघाली दप्तरखान्यात, जुन्या कागदांत घराचा इतिहास शोधायला.

ह्याला कारण त्यांचे वडील, तात्या. वय नव्वदीपार. "हे घर माझ्या बापानं स्वतःच्या हातांनी बांधलं," हे ते जन्मभर सांगत आले. एकदा जावई हसत म्हणाला, "कागद आहे का काही?" तेव्हापासून तात्यांनी अंथरूण धरलं आणि एकच धोशा लावला, "जायच्या आधी एकदा लिहिलेलं ऐकू दे रे."

तीन महिने भाऊजी धूळ खात होते. मग त्यांचं काहीतरी बिनसलं. परत आले की घरात न शिरता दारासमोरच येरझारा.

"काय भाऊजी, फरशी झिजवायचं कंत्राट घेतलंत?"

"हळू बोला हो वहिनी."

असं म्हटल्यावर मी जवळ जाणारच! ते कुजबुजले, "आमच्या सतरा नंबरची नोंद सापडली. बांधणारा भलताच कोणीतरी ठेकेदार. चोरीच्या विटा लावल्या म्हणून घर जप्त झालेलं. आजोबांचं नावसुद्धा नाही. तात्यांना काय सांगू?"

आतून हाक आली, "सापडलं का रे?"

"उद्या, तात्या!"

हे 'उद्या' तीन आठवडे चाललं. भाऊजी बसल्या जागी उठत, उठल्या जागी फिरत, चहा निवून जाई. मी हळहळले आणि दुपारपर्यंत चार घरांत सांगून आले. शिवाय त्यांना चिडवलंही, "तुमच्या भिंतीला टेकायची भीती वाटते बाई, पोलीस यायचे."

परवा आमच्या दाराला रंग द्यायला काढला. रंगाऱ्यानं चौकट खरवडली, तर खालून पत्र्याची पट्टी निघाली. येरझारा घालणारे भाऊजी खांबासारखे थबकले.

"वहिनी, तुमचा नंबर एकोणीस ना?"

"मग?"

"पट्टीवर सतरा आहे."

कोपऱ्यावर कधीतरी नवं घर झालं आणि गल्लीतले सगळे आकडे दोनदोननं पुढे सरकले. म्हणजे भाऊजींचं घर तेव्हाचं पंधरा, आणि सतरा आमचं! तीस वर्षं लोकांची पत्रं बरोबर दारात टाकणाऱ्या माणसानं स्वतःचा आजोबा शेजारच्या दारात टाकला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय?

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नक्कल आणली. मी खिडकीशीच होते, सहज.

"घर क्रमांक पंधरा. गवंड्याचं नाव: मालक खुद्द."

"परत वाच."

"खुद्द, तात्या. खुद्द."

अकरा वेळा वाचून घेतलं म्हाताऱ्यानं. मग म्हणाले, "जावयाला बोलाव. आणि मला उठवून बसव."

संध्याकाळी भाऊजी आरामात पायरीवर बसलेले दिसले. म्हणाले, "वहिनी, तुमच्या विटांचं मी कुठं बोलणार नाही हं."

त्यांनी कशाला बोलायला हवं? चार घरं मीच फिरले होते ना!

रात्री आमच्या ह्यांना विचारलं, "आपलं घर कुणी बांधलं हो?"

"आजोबांनी. स्वतःच्या हातांनी. का गं?"

"सहज," म्हटलं. पण तेव्हापासून माझाही पाय घरात ठरत नाही. दप्तरखाना किती वाजता उघडतो, हे भाऊजींना विचारायचं कसं, एवढंच कळत नाहीये.