फिरवलेल्या चपला

माझ्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा गोष्टीच जास्त जमतात, राव! थान उलगडलं की सोबत एक किस्साही उलगडतो. मंगरूळपीरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतले किस्से मात्र फिरून फिरून एकाच ओट्यावर येतात. याकोबबाबांच्या!

बाबा मंडळीतले सर्वांत वडील. लग्न, शेत, प्रवास, काहीही ठरवायचं तर आधी त्यांच्याकडे जायचं. चपला ओट्यावर काढायच्या, आत बसून बोलायचं. बाबा ऐकत, प्रार्थना करत आणि एकदा बाहेर जाऊन येत. उत्तर तोंडानं नाहीच! निघताना आपणच पाहायचं. चपला रस्त्याकडे तोंड करून, धोतराच्या सोग्यानं पुसलेल्या असल्या, तर खुशाल जा. तोंडं घराकडे असली, तर थांब.

*

आमचे मास्तर वाटणीवरून भावाशी भांडायला वाशिमला निघाले. बायकोच्या आग्रहानं आधी बाबांकडे आले. बाहेर पाहतात तर बूट घराकडे!

"बूट फिरवले म्हणून मी थोडाच फिरतो!" म्हणत हसले आणि मोटारीत बसले.

नेमका त्याच सकाळी भाऊ समेट करायला वाशिमहून निघाला होता. दोन्ही मोटारी वाटेत एकमेकींशेजारून गेल्या. परतताना पुन्हा तसंच! त्याच आठवड्यात भाऊ तापानं गेला.

तेव्हापासून मास्तर कुठंही गेले की बूट स्वतःच आत तोंड करून ठेवतात.

*

एक बागवान मुलीचं लग्न जऊळक्याला ठरवायला निघाला. बाहेर येतो तर एक चप्पल रस्त्याकडे, एक घराकडे!

"बाबा, हे काय?"

"तुनं मले इचारलं. पोरीले इचारलं काय?"

*

एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "बाबा, आमाले तुमी सांगता. तुमाले कोण सांगते?"

"माह्या चपला रोज पहाटे कोनीतरी फिरवून ठेवते. पाहूनच निघतो मी."

मी हसलो. बाबा हसले नाहीत.

ते गेले त्या सकाळी त्यांच्या चपला ओट्यावर होत्या. रस्त्याकडे तोंड, लख्ख पुसलेल्या. आंधळी मार्थामाय, त्यांची बायको, त्यांवरून हात फिरवून शांतपणे म्हणाली, "गेले ते. इचारूनच गेले."

*

पुढच्या हिवाळ्यात मी मळ्यातली जुनी विहीर खोल करायला काढली. बायको म्हणाली, "कोनाले तरी इचारा."

"कोनाले? बाबा तं गेले!"

माणसं पुढे मळ्यात धाडली आणि वाटेत मार्थामायला सीताफळं द्यायला थांबलो. घरात ती एकटीच. निघालो, तर माझ्या चपला घराकडे!

अंगणात चिटपाखरू नाही. परत आत गेलो, तिच्यापुढे जमिनीवर बसलो.

"माय, विहिरीत माणसं उतरवू काय?"

"आतून बांधकाम तपासलं काय रे शामू?"

"नाही."

"मंग लोकायच्या लेकरायले काहून उतरवून राह्यला? आधी जाणत्याले दाखव."

धावत मळ्यात गेलो. माणसं उतरली होती. ओरडून वर घेतली. शेवटच्याचा पाय काठावर टेकला आणि आतलं सगळं बांधकाम ढासळलं!

संध्याकाळी तसाच चिखलानं माखलेला मार्थामायकडे गेलो.

"माय, सकाळी कोन आलं होतं?"

"मले दिसत नाही बापा. चाहूल तं फक्त तुहीच आली."

उठलो, ओट्यावर आलो.

चपला रस्त्याकडे होत्या. चिखलाचा ठिपकाही नव्हता.