जुळलेला फोटो

गॅस बंद केला की नाही, एवढ्या एका शंकेवरून गिरगावातल्या अर्ध्या वाटेवरून घरी परत येणारी बाई मी. तेव्हा त्या दुपारी काळाचौकीच्या चाळीचा जिना चढताना माझं काय होत असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

आमचं काम गिरणगावावरच्या आभासी संग्रहालयाचं. इमारत नाही, तिकीट नाही, सगळं स्क्रीनवर. आणि सगळी माहिती एकमेकांशी जोडलेली. एखाद्या कामगाराच्या नावावर बोट ठेवलं की त्याची गिरणी दिसते, तिथून त्याचं गाव, तिथून गाववाले मिळून राहायचे ती खोली. दुसऱ्या कुणाच्या संग्रहातली वस्तूही नावगाव जुळलं की आपणहून येऊन चिकटते. तसाच एक फोटो येऊन चिकटला. साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे कामगार ओळीने उभे, फोटोच्या पाठीमागे त्याच क्रमाने नावं. त्यात काळाचौकीच्या एका आजींच्या नवऱ्याचं नाव होतं.

आजींची मुलाखत मीच घेतली होती. नवरा जाऊन जमाना झाला. त्यांचा एकुलता एक फोटो होता, त्याला ओल लागून नेमका चेहराच पांढरा पडला. आताशा डोळे मिटले तरी चेहरा धड उभा राहत नाही, याची आजींना फार भीती वाटायची. त्यामुळे फोटो दिसताच मला कुठला धीर? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी लगेच फोन लावून आजींना संग्रहालयाच्या उद्‌घाटनाला फोटो बघायला बोलावलं. पलीकडे आजींनी फोन तसाच बाजूला ठेवला. मग त्यांची मुलगी फोनवर आली आणि म्हणाली, ‘‘ताई, ती देवाला दिवा लावायला गेली.’’

दोनच दिवसांनी एका जुन्या कामगाराची मुलाखत ऐकत होते. ते हसत हसत सांगत होते, ‘‘गावाला गेलो की माझ्या नावावर भाऊ उभा राहायचा. मशीनला काय, माणूस पाहिजे. मुकादमाला सगळं ठाऊक असायचं.’’ मी मुलाखत तिथेच थांबवली. नाव हजेरीतलं आणि माणूस भलताच, असं या फोटोतही झालं असलं तर?

आमच्या संगणकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘नाव, वडिलांचं नाव, गाव, खोली, गिरणी, सगळं मॅच आहे. तू उगाच टेन्शन घेतेस.’’

‘‘आणि तोंड?’’

‘‘तोंड कशाशी जुळवणार? दुसरा फोटोच नाही ना!’’

याला समाधान म्हणायचं की शिक्षा, मला कळेना. फोन करून ‘येऊ नका, अजून खात्री नाही’ असं सांगायला हवं होतं. पण तिकडे मुलीने फोटोसाठी चौकटसुद्धा आणून ठेवली होती. शेवटी ठरवलं, उद्‌घाटनाला चारचौघांत काही व्हायला नको, आधी आपणच घरी जाऊन दाखवावं.

आजी नवं लुगडं नेसून कॉटवर बसल्या होत्या. शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना जा म्हणायचं धाडस मला झालं नाही. मी लॅपटॉप उघडला. फोटो मोठा केला, त्यातला तो एक चेहरा आणखी मोठा केला आणि आजींच्या समोर धरला.

आजींनी चष्मा सारखा केला. पाहिलं. आणि चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला.

मला तिथेच कळलं. नवऱ्याला पाहून या वयाची बाई असा पदर घेत नाही.

‘‘हे थोरले भावजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्ये गावाक गेले की भावजी ह्येंच्या नावावर उभे ऱ्हवत. त्येंका सोताची नोकरी कधी गावलीच नाय.’’

दारातल्या बायका हळूच पांगल्या. मुलगी माझ्याकडे बघेना. मी माफी मागायला लागले, तसा आजींनी हात वर करून मला थांबवलं.

‘‘बाय, त्येंका त्येंचा नाव द्या. जल्मभर भावाच्या नावान राबले.’’

थोरल्या दिरांचं नाव काही त्या उच्चारेनात. मुलीने सांगितलं, मी टाइप केलं. आमच्या सबंध जोडलेल्या माहितीत तो माणूस तोपर्यंत कुठेच नव्हता. मग नवऱ्याच्या नावाची आणि फोटोची जोडणी सोडवली. फोटो दिरांच्या पानावर गेला आणि नवऱ्याच्या पानावर करडा चौकोन उरला.

आजी त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. रागाचा लवलेश नव्हता. एवढं सगळं शोधून काढणाऱ्या यंत्राला हेही ठाऊक असणारच, अशा विश्वासाने त्यांनी मला विचारलं, ‘‘मगे ह्येंचो फोटो खंय हा?’’

‘‘शोधते, आजी,’’ मी म्हणाले. शोधायला कुठलीच जागा उरलेली नाही, हे म्हणतानाच मला माहीत होतं.