मीटरवाल्या काकांच्या कुंड्या

काकूंना झाडांचं वेड कधीच नव्हतं. वेड होतं ते काकांना.

काका पाणीखात्यात मीटर वाचायचे. एकतीस वर्षं घरोघर जाऊन, वाकून, मीटरच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसून त्यांनी आकडे लिहिले. सगळी वस्ती त्यांना मीटरवाले काका म्हणूनच ओळखायची. कुणाच्या दारात अनोळखी रोप दिसलं, की आकडा लिहून झाल्यावर पाय तिथेच घुटमळायचे. "वहिनी, एक काडी घेऊ का याची?" मीटर वाचणाऱ्याला कोण नाही म्हणणार? ती काडी ओल्या रुमालात गुंडाळून खिशात जायची आणि संध्याकाळी गच्चीवर मातीत. रंगाचे रिकामे डबे, चीर गेलेल्या बादल्या, कान तुटलेला कुकर, जे हाताला लागेल त्याची कुंडी व्हायची. अशा बेचाळीस कुंड्या झाल्या. एकीवरही नावाची पाटी नव्हती.

"पाटी माणसाला लागते, झाडाला कशाला?" काका म्हणायचे.

"घरातलं मीठ संपलेलं लक्षात राहत नाही," काकू म्हणायच्या, "आणि कुठली काडी कुणाच्या दारातून आणली ते मात्र तोंडपाठ."

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं आणि एका सकाळी काका न्हाणीघरात पडले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता. तेच.

चहा हवा का? तेच. पाय दुखतो का? तेच. सगळे शब्दच ऐकायचे, मानेकडे कुणी बघत नव्हतं. डॉक्टरांनी बायकोकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? काकांनी बराच वेळ ओठ हलवले, कपाळावर घाम आला, आणि म्हणाले, "तेच."

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, रोज घरातल्या वस्तू दाखवायच्या आणि नाव विचारायचं. काकूंनी पंधरा दिवस केलं. कंगवा दाखवला, कप दाखवला, चप्पल दाखवली. कंगवाही तेच आणि चप्पलही तेच. मग सोडून दिलं. काकू गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कॉलर बसवायच्या, दिवसाला दीडशे. घरी येईपर्यंत मान लाकडासारखी व्हायची, आणि त्या मानेने पुन्हा कुणाला कंगवा दाखवायचा?

दिवसभर काकांजवळ नणंद बसायची. दोन गल्ल्या सोडून राहायची, एकटीच होती, भावासाठी यायची. जीव लावायची, पण तोंडाचा पट्टा एक मिनिट बंद नसायचा. संध्याकाळी काकू घरात शिरल्या की दिवसभराचा हिशोब सुरू. एवढं खाल्लं, एवढं सांडलं, दोनदा चादर बदलली. हे सगळं काकांच्या खाटेशीच, त्यांच्या डोक्यावरून.

"त्याला काय कळतंय आता," नणंद म्हणायची.

एकदा काकू खाटेशेजारी बसून ओलं फडकं पिळत होत्या. त्या दिवशी कारखान्यात चाळीस कॉलर उलट्या बसल्या म्हणून त्यांना उसवायला लावल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकदाचं उरकलं असतं ना वन्सं, तर दोघंही सुटलो असतो." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. दूध नासलं म्हणावं तसं म्हणाल्या. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आणि वर कुंड्या होत्याच. घर तिसऱ्या मजल्यावर, गच्ची त्याच्याही वर दोन जिने. गच्चीवरचा नळ गंजून बसला होता. कामाला जायच्या आधी सहा बादल्या वर न्यायच्या, दर बादलीला मध्ये एकदा थांबून. झाडांवर माया होती म्हणून नव्हे. आधीच घरात एक माणूस असं पडलेलं, त्यात आणखी काही वाळताना बघायला नको, एवढंच.

कुठलं झाड आणि कुठलं तण हेही त्यांना ठाऊक नव्हतं. एका कुंडीत गवत माजलं होतं, कमरेएवढं, धारदार पातीचं. काकूंनी ते दोन्ही हातांनी उपटलं, पिशवीत भरलं आणि खाली टाकायला निघाल्या. वाटेत घराचं दार उघडंच होतं, म्हणून टॉवेल घ्यायला आत गेल्या. काकांनी पिशवी पाहिली. डाव्या हाताने तिचा बंद धरला आणि रडायला लागले. असे रुग्ण कारण नसताना रडतात, हसतात, मनावर घेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकूंनी त्यांची बोटं एक एक करून सोडवली आणि पिशवी कचऱ्यात टाकली.

कारखान्यात शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काकू, हाताला गवती चहाचा काय छान वास येतोय."

काकूंनी हात हुंगला. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. पाणी घालायचं तर कंबर मोडते, आणि साफ करायला जावं तर नेमकं नको तेच उपटलं जातं. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, कुंड्या देऊन टाकायच्या.

कोपऱ्यावर रोपवाटिका होती. तिथला रोपवाला काकांचा जुना दोस्त, दोघं तासन् तास खत आणि किडीवर बोलायचे. काकू शनिवारी कामावरून परस्पर त्याच्याकडे गेल्या.

"सगळ्या घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"काका काय म्हणतात?"

"ते तेच म्हणतात."

रोपवाल्याला हसू फुटलं आणि मग त्याचं तोंड उतरलं. "उद्या सकाळी हातगाडी घेऊन येतो," तो म्हणाला.

रविवारी नणंद यायच्या आधीच तो आला. एकेका खेपेला दोन कुंड्या उतरवायचा आणि दम खायला तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या चौकात, काकूंच्या दाराशी ठेवायचा. काकूंनी काकांना खुर्चीत बसवून दाराजवळ आणलं होतं, वारा लागावा म्हणून. रोपवाल्याच्या कानामागे खडू होता. गाडीवर चढवायच्या आधी तो प्रत्येक कुंडीवर नाव लिहीत होता आणि सवयीने मोठ्याने म्हणत होता.

"पुदिना. मरवा. सदाफुली, पांढरी. अबोली. ही शेवंती, जरा छाटायला झालीय. शेपू."

"तेच," काका म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. रोपवाल्याने 'शे' लिहिला. काकांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवला, एकदा, दोनदा. मान जोरात हलवत होते.

"काय काका? शेपू नाही?"

मान आडवी.

रोपवाल्याने त्या केसासारख्या पानांची एक काडी बोटांत चुरगाळली, हुंगली, आणि काकूंच्या नाकापुढे धरली. गोडसर वास होता.

"बडीशेप," तो म्हणाला. "पानं दोघांची सारखीच दिसतात. मी वरवर बघितलं, हुंगलं नाही." मग तो उकिडवा बसला आणि काकांकडे बघत राहिला. बाजूची कुंडी ओढून म्हणाला, "ही तुळस, बरोबर?"

मान आडवी.

"सब्जा?"

मान उभी.

"आणि हा झेंडू." त्याने हात ठेवला होता गुलछडीवर. काका अर्ध्या तोंडाने हसले.

अशा त्याने दहा-बारा कुंड्या विचारल्या. मुद्दाम चुकीची नावं घेतली, खरी घेतली, एकदा तर खरं नाव घेऊन मग शंका असल्यासारखं तोंड केलं. काका एकदाही चुकले नाहीत. एका रोपाचं नाव खुद्द रोपवाल्यालाच येत नव्हतं. त्याने चार नावं घेतली, चारही काकांनी नाकारली, आणि त्याने कुंडीवर प्रश्नचिन्ह काढलं.

"काकू, डोकं अगदी जागेवर आहे यांचं," तो म्हणाला. "नुसतं दार अडकलंय."

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना झाडांचं काही सुचत नव्हतं. ते ओलं फडकं आठवत होतं, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली ती पाठ. त्या स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या. परत आल्या तेव्हा रोपवाला वर गेला होता. त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसल्या.

"अहो, तुम्हाला सगळं कळतं?"

मान उभी.

"पहिल्यापासून?"

काका थांबले. मग मान उभीच.

"त्या दिवशी मी वन्संशी बोलले, ते पण?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. राग होता की नाही, काकूंना सांगता आलं नसतं. अर्धा चेहरा हलत नव्हता, आणि हलणाऱ्या अर्ध्यावरून पूर्ण माणूस वाचायची सवय त्यांना अजून झाली नव्हती. मग ते कुंड्यांकडे बघत म्हणाले, "तेच."

रोपवाला खाली आल्यावर काकूंनी त्याला सांगितलं, सगळ्या नकोत, काही ठेवायच्या. कुठल्या, ते काका ठरवतील. एकेक कुंडी पुढे ठेवायची आणि मानेची वाट बघायची, असं दुपारपर्यंत चाललं. तेरा राहिल्या. चौकात आणि खिडकीच्या जाळीत मावल्या, म्हणजे जिना वाचला. बाकीच्या गाडीवर गेल्या. काका दाराच्या चौकटीतून दिसतील तेवढ्या बघत होते. त्यांना आनंद झाला नव्हता, हे काकूंना कळलं. पण सगळ्या ठेवायचं बळ आपल्यात नाही, हे त्यांनी काकांना तोंडावर सांगितलं.

नणंद आली ती कुरकुरतच. "ठेवायच्या तर सगळ्या ठेवायच्या, नाहीतर एकही नको."

"वन्सं, यांना सगळं कळतं," काकू म्हणाल्या. "आपण दोघींनीही जपून बोलायचं."

नणंद दोन दिवस गप्प बसली. घर ओसाड वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी तिला वाट सापडली. आजवर ती भावाची गाऱ्हाणी सांगायची, आता भावालाच गाऱ्हाणी सांगायला लागली. गुडघे, शेजारीण, दुधात पाणी. काका ऐकायचे आणि मधून मधून "तेच" म्हणायचे. नणंदेच्या मते इतकं मन लावून तिचं कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

काकूंचा दिवस हलका झाला असं नाही. कॉलर दीडशेच राहिल्या. पण कंगवा दाखवून नाव विचारणं त्यांनी कायमचं बंद केलं. आता त्या हो किंवा नाही म्हणता येईल असंच विचारायच्या. संध्याकाळी पाणी घालताना एक पान तोडून आणायच्या. "हा ओवा ना?" मान हलायची. काकूच जास्त वेळा चुकायच्या. वर्षभरात काकांना आणखी दोन शब्द आले, पाणी आणि नको. डॉक्टर म्हणाले, आता फार काही अपेक्षा धरू नका. काकूंनी धरलीही नव्हती.

एका शुक्रवारी त्या आल्या, नणंदेला निरोप दिला आणि चप्पलही न काढता खाटेच्या कडेवर टेकल्या.

"तेव्हा मी बोलले ना," म्हणाल्या, "ते थकून बोलले. पण खोटं नव्हतं हो. त्या वेळी तसंच वाटत होतं."

काकांची मान उभी हलली.

"आजही थकलेय. तसं वाटत नाही आज, पण थकलेय."

काकांनी डाव्या हाताने उजव्या पायाची विजार धरली आणि पाय कसाबसा भिंतीकडे ओढला. खाटेवर वीतभर जागा झाली. काकू तिथे कुशीवर आडव्या झाल्या, बाहेरच्या साडीतच, आणि त्यांचा डोळा लागला. त्या दिवशी भात उशिरा शिजला.