एकाच घरातले दोन निकोलस

सांडोरच्या तुस्कानोंकडे थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव द्यायची रीत. आजोबा निकोलस, त्यांचा मुलगा पॉल, पॉलचा मुलगा पुन्हा निकोलस. आजोबांच्या वडिलांचं नावही पॉलच. त्यामुळे आजा-नातू कागदावर सारखेच, निकोलस पॉल तुस्कानो.

रोझलीन पॉलची बायको. केळीची बाग, बाजार, घर, सगळं तिच्या हातात. फक्त पोराने बोटीवरची नोकरी धरली, तिथे तिचं काही चाललं नाही. ती रडली, भांडली, शेवटी गप्प बसली.

दोन हजार चार साली त्याच्या पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने घरात पाय ठेवताच हातातली मतदार यादी बघत विचारलं, निकोलस वारले ना? समोर बसलेला निकोलस चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी रोझलीन मुलाला घेऊन निवडणूक कचेरीत गेली. कारकुनाने यादी दाखवली. सासरे जिवंत, मुलगा मयत. सासरे वारल्यावर तसं कळवायला आलेली बाई रोझलीनच. आजोबांचं ओळखपत्र जुनं, तिरप्या रेघांच्या नंबराचं. नातवाचं नवं, तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारं. नाव पुढे चालतं तसा नंबरही चालतो, जुना बाद होऊन हा नवा आला, अशी तिची समजूत. तिने नवा नंबर दिला होता.

"मावशी, ती तीन अक्षरं विभागाची," कारकून म्हणाला. "पुढचे आकडे एकेका माणसाचे. घराण्याचे नाहीत. तुम्ही स्वतःच्या पोराला मारून गेलात."

रोझलीनने निकोलसचं मनगट घट्ट धरलं, जणू नाडी बघतेय.

नाव पुन्हा चढवता येईल, पण महिना-दीड महिना लागेल, असं कारकुनाने सांगितलं. तोवर पासपोर्ट अडला, आणि बोट पुढच्या आठवड्यात सुटणार होती.

बाहेर पायऱ्यांवर निकोलस थांबला. आवाज अजिबात चढवला नाही त्याने.

"मम्मी, मुद्दाम केलंस?"

"वेड लागलंय का तुला? आई असं करेल?"

तो पुढे चालू लागला. ती मात्र तिथेच पायरीवर बसली. बोट चुकणार हे ध्यानात येताच आत काहीतरी सैल झालं होतं, सुखावलं होतं. ते तिला आत्ता कळलं.